उष्मामापन
रासायनिक विक्रियेत बाहेर पडणारी किंवा शोषली जाणारी उष्णता मोजण्याचे तंत्र. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर पिकणाऱ्या नाचणीत ऊर्जा किती, याचे उत्तर याच तंत्रातून मिळते.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बेर्तलो यांनी १८८१च्या सुमारास बाँब उष्मामापक घडवला. जाड पोलादी भांड्यात तोललेला नमुना ठेवून सुमारे ३० वातावरण दाबाने ऑक्सिजन भरतात, भांडे पाण्यात बुडवतात आणि विजेच्या तारेने नमुना पेटवतात. हिशेब सरळ आहे: तापमानवाढ गुणिले उपकरणाची उष्माधारकता. ही धारकता आधी बेंझॉइक आम्ल जाळून ठरवतात. त्याचा एक ग्रॅम २६.४ किलोज्यूल देतो. त्याने तापमान २.६४° से. वाढले, तर धारकता अंशाला १० किलोज्यूल. मग समजा, एक ग्रॅम नाचणीच्या पिठाने १.६° वाढ झाली, तर उष्णता १६ किलोज्यूल.

शरीराला एवढी मिळत नाही. तंतू बहुतांशी पचत नाहीत, प्रथिनांतला नायट्रोजन युरियारूपाने बाहेर पडतो. ही वजावट धरून अन्नतक्त्यांत १०० ग्रॅम नाचणीला सुमारे ३२० किलोकॅलरी दिलेल्या असतात.

जव्हार-मोखाड्यात हा आकडा जीवनमरणाचा आहे. १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली आणि राज्य हादरले. तरीही केवळ कॅलरी मोजून पोषण कळत नाही. नाचणीची मोठी श्रीमंती म्हणजे कॅल्शियम, १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक. ते उष्मामापकात दिसत नाही, वेगळ्या रासायनिक पृथक्करणानेच मोजावे लागते.