उपस्थितीची जाणीव, आभासी वास्तवातील

डोळ्यांवर हेडसेट चढवलेल्या माणसाला आपण खोलीत नसून समोर दिसणाऱ्या ठिकाणीच आहोत असे वाटणे. संशोधक मेल स्लेटर यांनी २००९ मध्ये या जाणिवेचे दोन घटक मांडले : ‘मी तिथे आहे’ आणि ‘हे खरेच घडते आहे’. बीदरच्या महमूद गवान मदरशाची (१४७२) आभासी प्रतिकृती केली, तर मान वळवताना निळ्या फरशांचा मनोरा किंचितही मागे रेंगाळता कामा नये. नाहीतर पहिला घटक ढासळतो. समोरच्या विद्यार्थ्याने आपल्या सलामाकडे लक्षच दिले नाही, की दुसरा.

मोजमाप हा खरा अवघड भाग. विटमर व सिंगर यांची प्रश्नावली (१९९८) प्रसिद्ध आहे. पण २००० मध्ये उसोह व सहकाऱ्यांनी काहींना खऱ्या कचेरीत, तर काहींना तिच्या आभासी प्रतिकृतीत पाठवले, तेव्हा या प्रश्नावलीला दोन्हींतला फरक दाखवता आला नाही. ही गंभीर उणीव होय. मीहान यांच्या गटाने २००२ मध्ये आभासी खड्ड्याच्या काठावर हृदयाचे ठोके मोजले. पायाखाली जेमतेम दीड इंचाची खरी लाकडी कड ठेवताच ते आणखी वाढले. मात्र ठोक्यांची कसोटी भीतिदायक दृश्यांपुरतीच चालते. मदरशासारख्या शांत वास्तूत माणूस दिसणाऱ्या उंबऱ्यावरून पाय उचलतो का, कमानीखाली थबकतो का, हे वर्तनच अधिक विश्वसनीय मानावे लागते.