गोदाकाठची मर्यादा

सिरोंच्याजवळून वाहणारी गोदावरी वर नांदेडहून येते. तिथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. अमृतसरच्या शिरोमणी समितीने १९४५ मध्ये मान्य केलेल्या रहित मर्यादेत गुरू ग्रंथसाहिबाच्या बरोबरीने दुसरा ग्रंथ मांडणे निषिद्ध, दिवे ओवाळून आरतीही निषिद्ध. हुजूर साहिबात मात्र दसम ग्रंथाचाही प्रकाश होतो, दिव्यांची आरती होते. दखनी शीख तीच जुनी रीत मानतात.

वाद आहेत, फूट नाही. संत निरंकाऱ्यांशी देहधारी गुरूवरून चाललेल्या वादात १९७८ मध्ये अमृतसरला रक्त सांडले. नांदेडचा मतभेद रीतीपुरता आहे. शिवाय ते पाच तख्तांपैकी एक, १९५६च्या कायद्याने कारभारही स्वतंत्र. मला वाटते, ज्याच्या हाती तख्त आहे त्याचे वेगळेपण ‘परंपरा’ ठरते; ज्याच्या हाती नाही, त्याचे ‘पाखंड’.