हिशेबाचे तोंड

1975 साली सैन्यातील नोकरी संपवून किसन बाबुराव हजारे पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या आपल्या गावी परतले, तेव्हा गावाजवळ सरकारी खर्चाने बांधलेला एक पाझर तलाव होता आणि त्यात पाणी ठरत नव्हते. हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. अशा गावाला तलावाचे मोल काय असते हे निराळे सांगावयास नको. बांध गळत होता; परंतु त्या कामाचे कागद मात्र यथास्थित असले पाहिजेत, कारण कामास मंजुरी मिळाल्यावाचून, मापे पुस्तकात चढल्यावाचून आणि देयकावर सही झाल्यावाचून सरकारी तिजोरीतून रुपयाही बाहेर पडत नाही, अशी आपल्या राज्यकारभाराची रीत आहे. म्हणजे हिशेब दिला गेला होता. ज्यांच्या विहिरींना त्या तलावाचे पाणी पाझरावयाचे होते त्यांना मात्र तो कोणी दिला नव्हता.

सार्वजनिक पैशाविषयी लोकांच्या मनात जो संताप साचत जातो, त्याचे मूळ केवळ चोरीत असते असे मला वाटत नाही. पैसा खर्ची पडला, ताळेबंद जुळला, वरिष्ठांनी शेरा मारला, आणि तरीही ज्याने कर भरला त्याला उभे राहून विचारण्याची जागाच कोठे नाही, या असहायतेतून तो जन्मतो. आपल्याकडे हिशेब लिहिण्याची परंपरा फार जुनी व फार काटेकोर आहे. मात्र शतकानुशतके त्या हिशेबाचे तोंड वर, हुजुराकडे वळलेले राहिले. ते खाली, रयतेकडे वळविण्याचा प्रयत्न ज्या थोड्या ठिकाणी निष्ठेने झाला, त्यांत राळेगणसिद्धीचे नाव घ्यावे लागते.

पेशवाईतील मुलकी कारभार पाहिला तर तपासणी ढिली होती असे मुळीच म्हणता येत नाही. मामलेदाराबरोबर दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस, सबनीस असे दरकदार नेमलेले असत. त्यांना बडतर्फ करण्याचा अधिकार मामलेदारास नसे आणि त्यांच्या हातून गेल्यावाचून महालाचा जमाखर्च पुरा होत नसे. खर्च करणाऱ्याच्या शेजारीच, त्याच्या मर्जीवर न जगणारा तपासणारा बसवावा, ही योजना ज्यांनी आखली त्यांना मनुष्यस्वभावाची पारख होती यात शंका नाही. तथापि ही सारी रुजुवात अखेर पुण्याच्या हुजूर दफ्तरात व्हावयाची. मौजे अमुकच्या कुणब्याने भरलेल्या साऱ्याचे पुढे काय झाले, हे त्याला समजावे अशी सोय त्या व्यवस्थेत नव्हती.

या उणिवेचा परिणाम काय झाला, हे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 साली जिंकलेल्या मुलखासंबंधी जो अहवाल लिहिला त्यात स्पष्ट दिसते. मामलेदार रयतेकडून सरकारी धाऱ्याखेरीज ज्या जादा रकमा वसूल करीत, त्यांत दरबारखर्च अथवा अंतस्थ नावाची एक बाब असे. दरबारातील कारभाऱ्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना द्यावयाची ही लाच आरंभी गुप्त होती. पुढे ती ठरीव झाली, जमाखर्चात उघड लिहिली जाऊ लागली आणि इतर बाबींप्रमाणे तपासलीही जाऊ लागली. परंतु लाचेची गरज संपलेली नसल्याने तिच्यासाठी पुन्हा नवी गुप्त रक्कम रयतेवर चढली, आणि अशा नाजूक व्यवहारात तपासनीस फार खोल शिरत नसल्याने मामलेदार वरिष्ठांसाठी म्हणून जे गोळा करी त्याहून अधिक स्वतःसाठी ठेवू लागला. लिहिणारा जेता होता आणि जिंकलेल्या राजवटीचे दोष दाखविण्यात त्याचा स्वार्थ होता, हे ध्यानात ठेवूनही मला हे वर्णन खरे वाटते. तपासनीस हाच जेव्हा लाभाचा वाटेकरी होतो तेव्हा भ्रष्टाचार हिशेबाबाहेर न राहता हिशेबाची एक रीतसर बाब होऊन बसतो, हे त्यात उघड होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी तर महाल इजाऱ्याने देण्याचा प्रघात पडला आणि उरलासुरला धाकही गेला.

इंग्रजी अमलात हेन्री पॉटिंजर अहमदनगरचा कलेक्टर झाला, पुढे पाहणी झाली, रयतवारीचा धारा ठरला, आणि कागद पूर्वीपेक्षा पुष्कळ व्यवस्थित झाले. परंतु वसुलीत जी निष्ठुर नियमितता आली ती खर्चाच्या जबाबदारीत आली नाही. धाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंडासाठी घेतला जाऊ लागला. रस्ते आणि शाळा हे त्याचे प्रयोजन. त्या पैशातून ज्याच्या पोराला शाळा मिळाली नाही, त्या शेतकऱ्याची बाजू जोतीराव फुल्यांनी 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जितक्या पोटतिडिकीने मांडली तितकी त्या काळच्या दुसऱ्या कोणी मांडल्याचे मला आढळत नाही. राज्याच्या खर्चाकडे कर भरणाऱ्याच्या जागेवरून पाहणारे मराठीतील ते पहिले मोठे लेखन होय.

तत्पूर्वी 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, आणि तो वणवा अहमदनगर जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातही पसरला. उठाव सावकाराविरुद्ध होता, खजिन्याविरुद्ध नव्हता, हे खरे. पण रोकडीने आणि ठरल्या हप्त्याने भरावयाचा सारा हेही कुणब्याला सावकाराच्या ओट्यावर नेणारे एक कारण होते. आपल्या नावावर काय लिहिले आहे हे वाचता येत नाही आणि ते बदलता येत नाही, अशा माणसाला कागद जाळण्यावाचून मार्ग उरत नाही. पारनेरच्या इतिहासातील ही घटना मला म्हणून महत्त्वाची वाटते. पुढे 1902 च्या मार्चमध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलात आपले पहिले अंदाजपत्रकीय भाषण केले आणि प्लेग व दुष्काळाने लोक गांजलेले असता सरकारी खजिन्यात शिल्लक वाढत जाणे हा प्रजेवरचा अन्यायच आहे असे प्रतिपादन केले. मिठावरचा कर उतरावा म्हणून ते झगडले, कारण सारा न भरणारा भूमिहीन मजूरही मीठ खातो आणि म्हणून तोही करदाता असतो. हे सत्य आजच्या चर्चेत वारंवार विसरले जाते. प्राप्तिकर भरणारा तेवढा करदाता आणि बाकीचे अनुदानावर जगणारे, अशी जी भाषा शहरांत ऐकू येते ती वस्तुस्थितीला धरून नाही. काडेपेटीपासून खताच्या पोत्यापर्यंत प्रत्येक खरेदीत खेड्यातील माणूस कर भरीतच असतो.

स्वातंत्र्यानंतर 1958 चा ग्रामपंचायतीचा कायदा झाला, 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा कायदा तर 1930 सालापासूनच होता. 1972 मध्ये महाराष्ट्रात लोकायुक्त नेमला गेला. असे पद प्रत्यक्ष भरण्यात हे राज्य देशात पहिले. रोजगार हमीचा कायदा 1977 साली संमत झाला आणि त्याच्या खर्चासाठी नोकरदारांनी व्यवसायकर भरला. शहराने खेड्याच्या मजुरीसाठी कर द्यावा ही कल्पना मला आजही थोर वाटते. परंतु हजेरीपटावर खोटी नावे चढली, आणि लेखापरीक्षेचे आक्षेप खात्याकडून खात्याकडे फिरत राहिले. ज्याचे नाव मस्टरवर खोटे लागले होते त्या मजुराला ते मस्टर पाहावयास मिळत नव्हते. राज्य आपले होते, तरी हिशेबाचे तोंड वरच राहिले.

राळेगणची थोरवी अशी की त्या गावाने हिशेब मागण्यापूर्वी हिशेब देण्यास आरंभ केला. गावची दशा त्या वेळी हलाखीची होती; हातभट्ट्या इतक्या माजल्या होत्या की यादवबाबांच्या देवळाचे लाकूडही त्यांत जळाले. हजारे यांनी सैन्यातील नोकरीचा जमा झालेला पैसा त्या देवळाच्या जीर्णोद्धारास लावला, आणि पुढे गावाच्या बैठका त्याच देवळात भरू लागल्या. गळका तलाव श्रमदानाने दुरुस्त झाला, नाल्यांवर बांध पडले, विहिरींना पाणी आले. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही सूत्रे महाराष्ट्राला परिचित आहेत. मला त्याहून अधिक बोलकी वाटते ती गावाची धान्यबँक. ज्याच्या घरी धान्य वरकड त्याने देवळात आणून घालावे, ज्याची कणगी रिकामी त्याने तेथून न्यावे आणि पुढच्या सुगीला थोडे वाढवून परत करावे. कोणी किती घातले, कोणी किती नेले, कोणाचे फिटले, हे देणाऱ्याघेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत मोजले जाई. येथे तपासनीस आणि करदाता हे दोन नव्हते. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्याही याच न्यायाने ठरल्या. पुढे त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने ग्रामसभेपुढे दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडण्याची जी पद्धत पाडली तीही याच जातकुळीची.

या व्यवस्थेला काळी बाजूही होती आणि ती झाकण्याचे कारण नाही. दारू पिणाऱ्यास खांबाला बांधून मारण्यात आले, आणि पंचायतीची निवडणूक बिनविरोध करण्याची वहिवाट पडली. एकमुखी गावात उलट प्रश्न विचारणारा कोण, ही टीकाकारांची शंका मला रास्त वाटते. जेथे विरोधी मत मांडणे अवघड होते तेथे हिशेबही कालांतराने विश्वासावर चालू लागतो.

1991 मध्ये भ्रष्टाचारविरोधी जन आंदोलन उभे राहिले ते या गावातून. वनखात्यातील गैरव्यवहारांविषयी दाद लागेना तेव्हा 1994 साली आळंदीस उपोषण झाले आणि हजारे यांनी पद्मश्री परत केली. शिवसेना-भाजप युतीच्या कारकीर्दीत मंत्र्यांवर आरोप झाले आणि एका बदनामीच्या खटल्यात 1998 साली त्यांना तुरुंगवास घडला. 2003 मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला गेला. या आयोगाने 2005 च्या अहवालात काही मंत्र्यांवर ठपका ठेवला, तसाच हजारे यांच्या हिंद स्वराज ट्रस्टच्या निधीतून त्यांच्या वाढदिवसाच्या समारंभावर झालेल्या सुमारे दोन लाख वीस हजार रुपयांच्या खर्चावरही ठेवला. आंदोलनाच्या चाहत्यांना हे कलम नकोसे वाटते. मला मात्र ते त्या काळातील अत्यंत हितकारक घटनांपैकी एक वाटते, कारण जाब विचारणाऱ्याचीही वही उघडली गेली आणि तिच्यात सापडलेली चूक कागदावर आली.

परंतु व्यक्तींवरील आरोपांनी जे साधले नाही ते माहितीच्या अधिकाराने साधले. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 च्या अखेरीपासून जनसुनावण्यांत मस्टर मोठ्याने वाचून दाखविण्यास आरंभ केला होता. मेलेल्या माणसांच्या नावे मजुरी उचलल्याचे तेथे गावासमोर उघड झाले. महाराष्ट्रात 2000 साली झालेला कायदा दुबळा होता. सततच्या रेट्यामुळे 23 सप्टेंबर 2002 पासून अमलात आलेला नवा कायदा झाला, आणि त्याला राष्ट्रपतींची संमती मिळावी म्हणून 2003 च्या ऑगस्टमध्ये हजारे मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणास बसले. 12 ऑक्टोबर 2005 पासून केंद्राचा कायदा जम्मू-काश्मीर वगळता देशभर लागू झाला. या कायद्याने नागरिकास केवळ नकला मागण्याचा अधिकार दिला नाही. सरकारी कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही दिला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेल्या अर्जावर कोणा शेतकऱ्याने बंधाऱ्याचा सिमेंट-काँक्रीटचा नमुना मागावा, ही गोष्ट पॉटिंजरच्या कचेरीत कल्पनेतही आली नसती. 2006 साली फायलींवरील शेरे या अधिकारातून वगळण्याचा घाट घातला गेला तेव्हा आळंदीस पुन्हा उपोषण झाले व तो बेत सोडून द्यावा लागला. शेरा वगळला असता तर निर्णय दिसला असता, पण तो कोणी व कोणत्या कारणाने घेतला हे दिसले नसते.

लोकपालाचे आंदोलन सर्वांना ठाऊक आहे. 2011 च्या एप्रिलात जंतरमंतर, ऑगस्टात रामलीला मैदान, आणि 2013 च्या डिसेंबरात स्वतः राळेगणचे यादवबाबांचे देऊळ. तेथील उपोषण चालू असतानाच संसदेने विधेयक मंजूर केले. पहिला लोकपाल नेमला जाण्यास मात्र 2019 चा मार्च उजाडला. ज्या महाराष्ट्राने लोकायुक्त सर्वांआधी नेमला त्याच्या नव्या लोकायुक्त विधेयकास विधानसभेत 2022 च्या डिसेंबरात व विधान परिषदेत त्यानंतर एका वर्षाने मंजुरी मिळाली. माझे मत असे की या आंदोलनाने देशाचे लक्ष वेधले, तरी त्याची दिशा पुन्हा वरच गेली: एक मोठा तपासनीस नेमावा आणि त्याने खालच्यांना तपासावे, ही दरकदारांचीच कल्पना. माहितीच्या अधिकाराचे काम कमी दिसणारे, पण मुळाशी जाणारे होते.

म्हणूनच त्या अधिकाराची आज जी झीज चालली आहे तिची मला अधिक चिंता वाटते. दुसरे अपील माहिती आयोगापुढे दीर्घकाळ पडून राहते. 2019 च्या दुरुस्तीने आयुक्तांची मुदत व वेतन ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारच्या हाती गेला. ज्याच्यावर नजर ठेवावयाची त्याच्याच मर्जीवर नजर ठेवणाऱ्याचे पद टिकणे, हा दोष पेशवाईतील दरकदाराच्या नेमणुकीतही टाळलेला होता. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात बदल केला. व्यक्तिगत माहिती नाकारताना सार्वजनिक हिताचा जो विचार त्या पोटकलमातच करावा लागे, तो तेथून गेला आणि नाकारण्याची वाट रुंद झाली. रोजगार हमीच्या मस्टरवर असतात ती मजुरांची नावेच. नाव, हजेरीचे दिवस आणि मजुरीची रक्कम हे तिन्ही ग्रामसभेत वाचले गेले तरच शेजारी बसलेला माणूस उठून सांगू शकतो की हा गृहस्थ त्या महिन्यात गावातच नव्हता. नावाची ओळ झाकली तर उरलेल्या आकड्यांची बेरीज कितीही बिनचूक असली तरी गावातल्या कोणालाही ती पडताळता येणार नाही.