फेवर-ल्यूबा
यांत्रिक मनगटी घड्याळे बनविणारी स्विस पेढी. अब्राहम फाव्र याच्या ल लोक्ल येथील १७३७ च्या नोंदीपासून ती आपला आरंभ मोजते. मुंबईतील तिचा व्यवहार १८६५ पासूनचा. हवेचा दाब घटताच आतील निर्वात धातुडबी फुगून तबकडीवरील काटा सरकवी व गिर्यारोहकास उंची वाचता येई, असे ‘बिव्हूआक’ (१९६२) हे तिचे वैशिष्ट्यपूर्ण घड्याळ (पहा : वायुदाबमापक). १९६९ अखेर सैकोचे क्वार्ट्झ घड्याळ निघाल्यावर (पहा : क्वार्ट्झ) स्वस्ताई व अचूकता या दोहोंपुढे यांत्रिक घड्याळाची उपयुक्तता सरली, कारागिरीचे मोल मात्र उरले. पेढी मूळ घराण्याकडून १९८० नंतरच्या दशकात गेली. टिकली ती, खरे पाहता, केवळ नाममुद्रा. ती २०११ मध्ये टायटनने व २०२३ मध्ये इथॉस या घड्याळविक्रेत्या कंपनीच्या उपकंपनीने खरीदली. २०२४ मध्ये या नाममुद्रेची यांत्रिक घड्याळे पुन्हा बाजारात आली.