कोल्हारहून रॉक मैफलीला जाताना

आमच्या प्रतिनिधीकडून

कोल्हार : प्रवरेच्या काठी, नगर-मनमाड मार्गावर वसलेल्या कोल्हार-भगवतीपूरला उघड्यावरच्या गाण्याबजावण्याचे अप्रूप नाही. पौष पौर्णिमेला भगवतीमातेची यात्रा भरते तेव्हा सारी पंचक्रोशी लोटते. आणि यात्रा म्हटली की वाद्ये, भोंगे आणि रात्रीची करमणूक आलीच. मात्र शेजारच्या लोणी-प्रवरानगर परिसरात शिकणाऱ्या, कानाला इयरफोन लावून बसथांब्यावर उभ्या असणाऱ्या मुला-मुलींना आणखी एका प्रकारच्या गाण्याची ओढ असते. शनिवार जवळ आला, की त्यांचा प्रश्न ठरलेला : या आठवड्यात कुठे रॉकची मैफल आहे का? आणि असलीच, तर ती जाण्यायेण्याचा खर्च वसूल करील का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा पुण्याला किंवा मुंबईला सापडते. कोल्हारहून नगरमार्गे पुणे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, तर मुंबई अडीचशेच्या घरात. पुण्यातील रसिकाला मैफल रुचली नाही, तर तो अर्ध्या तासात घरी पोहोचून जेवायला बसतो. कोल्हारच्या रसिकाची मात्र अख्खी रात्र खर्ची पडते. म्हणून मैफल निवडताना त्याने चार गोष्टी अधिक पारखून घ्याव्यात, हे बरे.

'इंडी' म्हणजे नेमके काय?

'इंडिपेंडंट' या शब्दाचे हे लाडके रूप. चित्रपट किंवा मोठी ध्वनिमुद्रण कंपनी पाठीशी नसताना स्वतःची गाणी स्वतः रचून, स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रित करून वाजविणारे ते इंडी. 'अल्टरनेटिव्ह' अर्थात पर्यायी रॉक हे त्याचे सख्खे भावंड. १९८० च्या दशकात अमेरिकेतील महाविद्यालयांच्या नभोवाणी केंद्रांनी आर.ई.एम., सॉनिक यूथ अशा वाद्यवृंदांना श्रोते मिळवून दिले. पुढे १९९१ मध्ये निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम गाजला आणि आडबाजूचे हे संगीत हमरस्त्यावर आले.

मराठी वाचकाला हा प्रकार अनोळखी वाटण्याचे कारण नाही. पन्नास-साठच्या दशकांत 'शब्द', 'असो' यांसारखी लघुनियतकालिके याच वृत्तीने निघत होती : पदरमोड करायची, मोजक्या प्रती काढायच्या आणि कोणाची मर्जी सांभाळायची नाही. त्या वर्तुळातील अरुण कोलटकर तर पखवाज शिकले होते आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी स्वतः रचलेली इंग्रजी गाणी ध्वनिमुद्रितही केली होती, हे 'जेजुरी'च्या अनेक वाचकांना ठाऊक नसते. त्याहून जवळचे उदाहरण हवे असेल, तर नारायणगावचे घ्यावे. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा समित्या तेथे जाऊन सुपारी देतात. स्वतःची गाडी, स्वतःचा तंबू, स्वतःचे कलावंत. या अर्थाने आपल्याकडचा सर्वांत जुना इंडी व्यवसाय तमाशाचाच म्हणावा लागेल.

रंगभवन ते रेसकोर्स

महाराष्ट्रात रॉक नवे नाही. १९७१ मध्ये लोणावळ्याजवळच्या मळवली येथे 'स्नेहयात्रा' नावाचा खुल्या मैदानावरचा संगीत महोत्सव झाला होता. परदेशी वाद्यवृंदही अधूनमधून येत. 'द पोलिस' हा ब्रिटिश वाद्यवृंद मार्च १९८० मध्ये मुंबईत वाजवून गेला. परंतु या संगीताला हक्काचे घर मिळाले ते धोबीतलावच्या रंगभवनात. सेंट झेवियर्स महाविद्यालयाला लागून असलेल्या या खुल्या नाट्यगृहात १९७८ मध्ये 'जॅझ यात्रा' सुरू झाली, आणि १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी तेथेच 'इंडिपेंडन्स रॉक' या महोत्सवाचा प्रारंभ केला. पंधरा ऑगस्टच्या आसपासचे दिवस, म्हणजे पाऊस ठरलेलाच. भिजत, चिखल तुडवीत, काळे सदरे घातलेली मुले 'आय-रॉक' ऐकत. 'रॉक मशीन' (१९९३ नंतरचे नाव 'इंडस क्रीड') हा मुंबईचा वाद्यवृंद याच काळात नावारूपाला आला.

मग आवाजाचे नियम आले. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवनाच्या एका अंगाला महाविद्यालय, तर हाकेच्या अंतरावर कामा रुग्णालय. २००० च्या दशकाच्या आरंभी तेथील मैफली थांबल्या आणि पुढे वर्षानुवर्षे ते नाट्यगृह बंदच राहिले. रुग्णाच्या झोपेचा हक्क गिटारपेक्षा मोठा आहे, याबद्दल वाद असू नये. परंतु रंगभवन मिटले तेव्हा त्याच्या जागी दुसरे रंगभवन कोणी उभारून दिले नाही, ही खरी तक्रार आहे. 'आय-रॉक' अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेला, २०१३ नंतर खंडित झाला आणि २०२२ च्या नोव्हेंबरात पुन्हा भरला.

दरम्यान मोठे जलसे वाढले. 'आयर्न मेडन' १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वाजवून गेला. डिसेंबर २०१० मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात 'एनएच-७ वीकेंडर' सुरू झाला. एकाच मैदानावर अनेक रंगमंच, आणि निम्म्याहून अधिक वाद्यवृंद या देशातले, ही त्याची अपूर्वाई होती. प्रस्तुत प्रतिनिधीने विद्यार्थिदशेत अशा मैदानी महोत्सवांत घालविलेल्या संध्याकाळींपैकी लक्षात राहिले ते एवढेच, की नाव ठाऊक नसलेल्या वाद्यवृंदाच्या रंगमंचापुढे उभे राहावे आणि तासाभराने त्याचा चाहता होऊन बाहेर पडावे. वीकेंडरचे मैदानही स्थिर राहिले नाही. कोरेगाव पार्कानंतर तो हडपसरच्या बाजूला गेला. २०२३ मध्ये तो पुण्याच्या पश्चिमेला नांदे गावाकडे भरला होता.

मुंबईत जानेवारी २०२३ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर 'लोलापलूझा' प्रथम भरला. हा मूळचा अमेरिकेतील १९९१ चा, पर्यायी रॉकच्याच कुशीत जन्मलेला महोत्सव. 'इमॅजिन ड्रॅगन्स' आणि 'द स्ट्रोक्स' पहिल्या वर्षीचे मानकरी होते. मार्च २०२५ मध्ये 'ग्रीन डे' आला. अशा जलशांची तिकिटे विद्यार्थ्याच्या खिशाला जड असतात. वर्षातून एकदा पैसे साठवून जावे, असाच तो प्रकार.

दार कोणाला उघडे?

दर आठवड्याच्या मैफली होतात त्या मैदानांवर नव्हे, तर बंदिस्त जागांत. २००६ मध्ये वरळीला बॉम्बे डाइंग गिरणीच्या आवारात 'हार्ड रॉक कॅफे' उघडले. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाऊंडमध्ये 'ब्लू फ्रॉग' सुरू झाले. उत्तम ध्वनियोजनेमुळे त्याचा लौकिक झाला आणि २०१६ मध्ये ते बंदही पडले. ज्या गिरणगावात शाहीर अमर शेख व अण्णाभाऊ साठे यांची कवने घुमली, जेथे १९८२ च्या संपानंतर भोंगे थंडावत गेले, तेथेच या शहराच्या रॉकने भाड्याने बिऱ्हाड केले, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. पुण्यात हेच बिऱ्हाड प्रामुख्याने कोरेगाव पार्क, मुंढवा, कल्याणीनगर या पट्ट्यात आहे.

या जागांचे अर्थकारण तिकिटावर चालत नाही. ते खाण्यापिण्याच्या, मुख्यतः पिण्याच्या बिलावर चालते. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आणि अन्य मद्यासाठी २५ आहे. साहजिकच अनेक ठिकाणी दारावर ओळखपत्र पाहून एकवीस वर्षांखालील श्रोत्याला परत पाठवितात. त्याला प्यायचे नसते, ऐकायचे असते. पण दारावरच्या माणसाला तो फरक करता येत नाही. ज्या वयात हे संगीत सर्वांत जास्त भिडते, त्याच वयाला त्याचे दार बंद आहे. कोल्हारहून निघालेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने पाच-सहा तासांचा प्रवास करून फाटकावरून माघारी फिरण्यापेक्षा वयोमर्यादा आधीच दूरध्वनी करून विचारावी. जाहिरातीत ती बारीक अक्षरांत असते. कधी कधी नसतेही.

वयाची अट सहसा नसते ती महाविद्यालयीन महोत्सवांत. मुंबईच्या आयआयटीचा 'मूड इंडिगो' आणि तेथील 'लाइव्हवायर' ही रॉक वाद्यवृंदांची स्पर्धा यांचे नाव या क्षेत्रात आदराने घेतले जाते. डिसेंबरात तेथे प्रवेश मिळविण्यासाठी नावनोंदणी आधी करावी लागते आणि महाविद्यालयाचे ओळखपत्र जवळ असावे लागते.

दहाचा काटा

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिवर्धकाला मनाई आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४० अशी मर्यादा आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्याला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो मान्य केला. हे पंधरा दिवस गणेशोत्सव, नवरात्र आणि वर्षाअखेरीसारख्या दिवसांत संपतात. रॉकच्या वाट्याला सहसा काही उरत नाही.

हा काटा एकट्या रॉकला बोचतो असे नव्हे. सवाई गंधर्व महोत्सवातील रात्रभर चालणाऱ्या मैफलींची आठवण ज्येष्ठ रसिक काढतात, ती यामुळेच. तमाशा फडांचे तर कंबरडे मोडले. वगाला रंग चढतो न चढतो तोच ध्वनिवर्धक बंद करण्याची वेळ होते. शास्त्रीय गायक, तमासगीर आणि गिटारवादक हे तिघे एकाच तक्रारीचे धनी असावेत आणि तिघांनी कधी एकत्र बसून ती मांडू नये, याचे नवल वाटते.

श्रोत्याने यातून घ्यायचे ते एवढेच, की मैदानी कार्यक्रम वेळेवर सुरू होतो आणि मुख्य वाद्यवृंद आठ-साडेआठला मंचावर येतो. 'रात्री उशिरा रंगेल' या समजुतीवर कोणी साडेनऊला पोहोचला, तर शेवटची दोन गाणीच त्याच्या पदरी पडतील.

कोणाला ऐकावे?

पहिल्यांदाच जाणाऱ्या मराठी श्रोत्याला 'अभंग रिपोस्ट' हा मुंबईचा वाद्यवृंद डोळे झाकून सुचवावा. ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग ते गिटार, बास आणि तालवाद्यांच्या साथीने गातात, आणि अभंगाला नाटकी रूप न देता गातात. वारकरी घरातून आलेला मुलगा आपल्या वडिलांनाही सोबत नेऊ शकेल. पुण्याच्या 'अग्नी'त के. मोहन यांचा आवाज आणि कौस्तुभ धवळे यांची गिटार आहे. हिंदी गीतांना रॉकचा साज त्यांनी नेटका चढविला. दिल्लीचा 'इंडियन ओशन' १९९० पासूनचा. त्यांच्या 'कंदिसा' (२०००) या अल्बमच्या शीर्षकगीतात केरळातील सीरियन ख्रिस्ती परंपरेतील स्तोत्र आहे, तर 'मा रेवा' नर्मदेच्या काठावरून आलेले. हे लोक महाराष्ट्रात येणार असल्याचे कळले, तर परीक्षा नसेल त्या आठवड्यात अवश्य जावे.

इंग्रजी रॉकची आवड असणाऱ्याने उदय बेनेगल आणि महेश तिनईकर यांच्या 'इंडस क्रीड'ची 'इव्हॉल्व्ह' (२०१२) ही ध्वनिमुद्रिका आधी ऐकावी. अस्सल मराठी शब्दांचे, आजच्या जगण्यावर बोलणारे रॉक मात्र अजून तुरळकच आहे. ती उणीव लोणीच्या किंवा कोपरगावच्या एखाद्या वसतिगृहातून भरून निघाली, तर आश्चर्य वाटू नये.

निघण्यापूर्वी

मैफलींच्या घोषणा साधारण आठवडाभर आधी होतात आणि लहान जागांत गुरुवार ते शनिवार या रात्री भरलेल्या असतात. लवकर काढलेले तिकीट स्वस्त पडते. वाद्यवृंदाची दोन-चार गाणी आधी ऐकून जावे. त्याने ध्वनिमुद्रित केलेली स्वतःची गाणी सापडलीच नाहीत, तर तो बहुधा इतरांची गाणी वाजविणारा असतो. त्यासाठी पावणेदोनशे किलोमीटर जाण्याचे कारण नाही.

कानांचीही काळजी घ्यावी. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो, असे मानले तर १०० डेसिबलला ती मुदत पंधरा मिनिटांवर येते, आणि रॉक मैफल शंभरच्या खाली क्वचितच असते. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे खिशात ठेवावेत. ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे उभे राहण्यापेक्षा ध्वनिनियंत्रकाच्या टेबलाजवळ उभे राहावे; गाणे सर्वांत स्वच्छ तेथेच ऐकू येते, कारण तो माणूस स्वतःच्या कानानेच आवाज जुळवीत असतो.

प्रवासाचे म्हणाल, तर पुण्याची वाट सोपी. नगर रस्त्याने येणारी गाडी वाघोली, खराडी करीत शहरात शिरते, आणि कल्याणीनगर-कोरेगाव पार्क वाटेतच लागते. शिवाजीनगरपर्यंत जाण्याची गरज नाही. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे. मुंबईसाठी समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. चौघांनी मिळून गाडी केली, तर शिर्डीमार्गे तो सोयीचा. जवळचे रेल्वेस्थानक श्रीरामपूरचे, रेल्वेच्या वेळापत्रकात मात्र ते 'बेलापूर' या नावाने शोधावे लागते. नवी मुंबईच्या बेलापूरशी गल्लत करू नये. तसे तिकीट काढलेले पाहण्यात आहे. परतीची गाडी मात्र मैफलीचे तिकीट काढण्यापूर्वी पाहून ठेवावी.