स्तनकर्करोगाच्या उपचारांतील चेताविकार

स्तनाच्या कर्करोगावरील काही औषधांमुळे हातापायांच्या चेतांना इजा होऊन बधिरता, मुंग्या किंवा वेदना उद्भवतात. या विकारास केमोथेरपीजन्य परिघीय चेताविकार असे म्हणतात. मेंदू व मेरुरज्जू यांच्या बाहेर शरीरभर पसरलेल्या चेता म्हणजे परिघीय चेता होत. हा विकार रोखणारे खात्रीशीर औषध नाही आणि नेहमीच्या रक्ततपासणीत तो दिसून येत नाही. त्यामुळे रुग्णाने लक्षणे सुरू होताच ती सांगण्याला विशेष महत्त्व आहे.

कारणे

टॅक्सेन गटातील पॅक्लिटॅक्सेल व डोसिटॅक्सेल ही या विकारास कारणीभूत ठरणारी प्रमुख औषधे आहेत. कार्बोप्लॅटिन, व्हिनोरेल्बिन व एरिब्युलिन यांमुळेही तो होऊ शकतो. पॅक्लिटॅक्सेल मुळात पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतून मिळाले. मन्रो वॉल व मूळचे नंदुरबारचे रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांनी सहकाऱ्यांसह १९७१ मध्ये त्याची रासायनिक रचना प्रसिद्ध केली. पेशीविभाजनासाठी लागणाऱ्या सूक्ष्मनलिकांना हे औषध जखडून ठेवते, असे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले. त्यामुळे कर्करोगाच्या पेशींचे विभाजन थांबते. मात्र चेतापेशींमध्ये याच नलिकांवरून आवश्यक द्रव्ये चेतातंतूच्या टोकापर्यंत पोहोचतात. ही वाहतूक बिघडल्याचा परिणाम सर्वांत लांब चेतांवर प्रथम होतो. म्हणून त्रास बहुधा पायाच्या बोटांपासून सुरू होतो.

मधुमेह, अतिमद्यपान किंवा आधीपासून असलेला चेताविकार यांमुळे धोका वाढतो.

लक्षणे

मोजे व हातमोजे जेवढा भाग झाकतात, साधारण तेवढ्याच भागात बधिरता, मुंग्या, आग किंवा टोचल्यासारख्या वेदना जाणवतात. बटण लावणे, साडीला पिन लावणे, नाणे उचलणे अवघड होते. पायातील चप्पल निसटली तरी कळत नाही. पॅक्लिटॅक्सेल दिल्यानंतर एक ते तीन दिवसांत अंग व सांधे दुखू लागतात आणि बहुधा आठवडाभरात ते थांबते. बधिरता मात्र औषधाच्या प्रत्येक फेरीबरोबर साचत जाते.

काखेतील गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दंडाच्या आतील बाजूस येणारी बधिरता वेगळ्या कारणाची असते. तेथील त्वचेची चेता शस्त्रक्रियेत दुखावलेली किंवा कापलेली असते.

निदान व तीव्रता

निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून होते. त्यास नादकाट्याने कंपनाची जाणीव तपासणे, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया पाहणे यांची जोड दिली जाते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता व मधुमेह ही अन्य कारणेही तपासली जातात. स्वयंपाक, खरेदी यांसारख्या कामांत अडथळा आल्यास विकार दुसऱ्या श्रेणीचा मानतात. अंघोळ, कपडे घालणे यांसारखी स्वतःची कामे अडू लागल्यास तो तिसऱ्या श्रेणीचा ठरतो.

मात्रेचा प्रश्न

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्या स्त्रियांचे जगण्याचे प्रमाण दर तीन आठवड्यांनी ते घेणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. परंतु मध्यम ते तीव्र चेताविकाराचे प्रमाणही २० टक्क्यांऐवजी २७ टक्के होते. लाभ व हानी अशी एकत्र येत असल्याने, औषध बंद होईल या भीतीने काही रुग्ण त्रास सांगत नाहीत. प्रत्यक्षात उपचार थांबवणे हा एकच पर्याय नसतो. मात्रा कमी करणे, पुढील फेरी लांबवणे किंवा औषध बदलणे शक्य असते. हा निर्णय कर्करोगतज्ज्ञ रुग्णाशी चर्चा करून घेतात. त्रास उशिरा कळल्यास हे पर्याय कमी उरतात.

उपचार

वेदनेवर ड्युलोक्सेटिन या औषधाचा उपयोग सिद्ध झाला आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३१ रुग्णांच्या चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के रुग्णांची वेदना काही प्रमाणात कमी झाली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३८ टक्के होते. टॅमॉक्सिफेनचे शरीरात सक्रिय रूपांतर होण्यात ड्युलोक्सेटिन अडथळा आणू शकते. म्हणून टॅमॉक्सिफेन चालू असल्यास डॉक्टरांना तसे सांगणे आवश्यक असते.

असेटिल-एल-कार्निटिन हे पूरक द्रव्य प्रतिबंधासाठी देऊन पाहिले असता चेताविकार उलट वाढल्याचे आढळले. बी-६ जीवनसत्त्वाची अतिमात्राही चेतांना इजा करते. त्यामुळे ‘नसांच्या गोळ्या’ परस्पर घेणे हितावह नाही. औषध चढत असताना थंड हातमोजे व मोजे घालण्याचा प्रयोग काही ठिकाणी केला जातो. त्याविषयीचे पुरावे अद्याप मर्यादित आहेत. व्यायामाने तोल व स्नायूंची ताकद टिकण्यास मदत होते.

दैनंदिन काळजी

बधिर त्वचेला भाजल्याचे वा कापल्याचे कळत नाही, म्हणून पुढील काळजी घेतली जाते :

- घरातही अनवाणी न चालणे. मागे पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे वापरणे.
- तळपाय व बोटांच्या बेचक्या रोज पाहणे. जोडवी किंवा अंगठी रुतत असल्यास काढून ठेवणे.
- अंघोळीचे पाणी कोपराने किंवा दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घेणे.
- गरम भांडी फडक्याने किंवा सांडशीने धरणे. बधिर पाय गरम पिशवीने न शेकणे.
- न्हाणीघर कोरडे ठेवणे व रात्री वाटेत दिवा असू देणे.

उपचारानंतर

औषध थांबल्यावरही काही रुग्णांत लक्षणे काही काळ वाढतात. त्यानंतर अनेकांना काही महिन्यांत हळूहळू आराम पडतो. काहींमध्ये बधिरता वर्षानुवर्षे राहते. अचानक एका बाजूची ताकद जाणे, तीव्र पाठदुखीसह पाय लुळे पडणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे ही या विकाराची नेहमीची लक्षणे नव्हेत; अशा वेळी तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक असते.