घरगुती खेळ-सर्व्हरची यंत्रनिवड : नशिराबादच्या संदर्भात

संगणकावरील सामुदायिक खेळांचा इतिहास बहुधा खेळ रचणाऱ्यांच्या अंगाने लिहिला जातो. खेळ चालविणाऱ्या यंत्राच्या अंगाने पाहिले असता मात्र निराळाच क्रम दृष्टीस पडतो. 1978 साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा खेळ सिद्ध केला, तेव्हा यंत्राच्या निवडीचा प्रश्नच नव्हता. विद्यापीठाचा पीडीपी-10 संगणक हाच एक आधार होता. आणि बाहेरच्या खेळाडूंना तो मिळे तोही रात्री, विद्यापीठाचे काम थांबल्यावर.

1996 साली आलेल्या ‘क्वेक’ने ही परिस्थिती पालटली. त्या खेळाचा सर्व्हर, म्हणजे सर्वांच्या हालचालींचा निवाडा करणारी आज्ञावली, खेळाडूंच्याच हाती आली. खेळ कोठे, किती दिवस व कोणासाठी चालावा हे ठरविण्याचा अधिकार तिच्याबरोबर घरात आला. यंत्रनिवडीला महत्त्व आले ते ह्यामुळे. एरवी तो केवळ बाजारहाटाचा विषय राहिला असता.

2009 साली लोकांपुढे आलेल्या ‘माइनक्राफ्ट’वरून ह्या निवडीचे मर्म कळते. ह्या खेळातील जगाचा हिशेब सेकंदाला 20 वेळा, म्हणजे दर 50 मिलिसेकंदांनी, नव्याने मांडला जातो. त्यातील मुख्य काम प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर होत असल्यामुळे, पुष्कळ पण संथ गाभ्यांचा मोडीतला मोठा सर्व्हर घेणारा फसतो. कचेरीतून निघालेला, चारच गाभ्यांचा पण वेगवान संगणक त्याहून सरस ठरतो. ग्राफिक्स कार्डाचे तर कारणच नाही. चित्र खेळाडूच्या घरी उमटते.

नशिराबादेत एवढ्याने भागत नाही. जळगाव-भुसावळ रस्त्यावरील ह्या गावी मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. म्हणजे ज्या गुणासाठी तो घेतला, तो गुण सुटीतल्या दुपारी, मुले खेळावयास बसतात नेमक्या त्याच वेळी, हरवतो. विजेचेही तसेच आहे. 200 वॉट ओढणारे यंत्र अहोरात्र चालविल्यास 30 दिवसांत 144 युनिट जळतात. 40 वॉटच्या यंत्रास सुमारे 29 पुरतात. वीज गेल्यावर इन्व्हर्टर किती वेळ तग धरील, हेही ह्याच आकड्यावर ठरते. राऊटरही त्याच इन्व्हर्टरवर असावा लागतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी एकदा खेळ बंद पडल्यावरच येते.

सर्वांत खोल अडचण यंत्राबाहेरची आहे. फेब्रुवारी 2011 मध्ये आयपीव्ही4 पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा वाटून संपला, आणि आपल्याकडील लहान गावांत वेगवान इंटरनेट बव्हंशी त्यानंतर पसरले. परिणामी अनेक कंपन्या बऱ्याच घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. अशा घरातून बाहेर हाक जाते. बाहेरची हाक घर शोधू शकत नाही. तेव्हा प्रोसेसरची चौकशी करण्यापूर्वी जोडणीस स्वतंत्र पत्ता अथवा आयपीव्ही6 मिळते काय, हे विचारणे प्राप्त आहे. न मिळाल्यास मुंबईतील एखाद्या भाड्याच्या यंत्रामार्फत वाट काढता येते. पण मग घरच्या सर्व्हरचे दार दुसऱ्याच्या हाती राहते, आणि भाडे दरमहा वेगळे.